एक खून माफ

काही शब्द निरुपद्रवी दिसतात, म्हणूनच ते अधिक काळजीने तपासावे लागतात. ‘अखेर’ हा त्यांतलाच एक. गेली काही वर्षे साहित्य-चित्रपट संबंधांवरच्या परिसंवादांत, शोधनिबंधांत आणि चहाच्या टेबलावरच्या गप्पांत मी एक वाक्य थोड्याफार फरकाने सतत ऐकत आले आहे : ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये सचिन पिळगांवकर यांनी अखेर स्वतःला अभिनेता म्हणून सिद्ध केले. वाक्य कौतुकाचे आहे आणि बोलणाऱ्याचा हेतूही चांगलाच असतो. तरीही या वाक्यात एक निवाडा दडलेला आहे. राजा परांजपे यांच्या ‘हा माझा मार्ग एकला’ या चित्रपटातून सचिन बालकलाकार म्हणून पडद्यावर आले ते १९६३ साली. ‘कट्यार’ प्रदर्शित झाला २०१५ च्या नोव्हेंबरात. मधली बावन्न वर्षे ‘अखेर’ हा एक शब्द सरसकट उमेदवारीच्या खात्यात जमा करून टाकतो.

हा लेख सचिन यांच्या गौरवासाठी लिहिलेला नाही. त्यांना माझ्या गौरवाची गरज नाही, आणि त्यांच्या सर्वच कामाविषयी मला आदर आहे असेही नाही. माझा आक्षेप आपल्यावर, म्हणजे मराठी शिकवणाऱ्या, शिकणाऱ्या आणि त्या बळावर अभिरुचीचे न्यायाधीश म्हणून वावरणाऱ्या मंडळींवर आहे. ‘तरुणाईचा लाडका ते मान्यवर अभिनेता’ ही एक तयार गोष्ट आपण उचलली आहे. तिच्यात पहिली पायरी लाजेची, दुसरी प्रायश्चित्ताची आणि तिसरी सन्मानाची. पायऱ्या कुणी बांधल्या आणि वरच्या पायरीवर कोण बसले आहे, हे विचारण्याची तसदी मात्र आपण घेत नाही.

प्रथम माझा स्वतःचा अपराध नोंदवते, म्हणजे पुढचे बोलणे उंटावरून शेळ्या हाकण्याचे ठरणार नाही.

मी तुर्भ्याला राहते आणि याच परिसरातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्या वर्गात येणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकांचे वडील इथल्या घाऊक बाजारात माथाडी कामगार आहेत. गाव साताऱ्याकडचे किंवा पुणे जिल्ह्यातले, घर दीड खोलीचे आणि घरात पुस्तके जवळजवळ नाहीत. काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातली अशीच एक मुलगी प्रकल्पाचा विषय घेऊन आली. ‘अशी ही बनवाबनवी’चे संवाद वसंत सबनीसांचे, ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्यही सबनीसांचेच. तमाशातल्या बतावणीची भाषा या चित्रपटात शहरी कपडे घालून कशी येते, हे तिला दाखवायचे होते. घरातल्या सर्वांना हा चित्रपट मुखोद्गत आहे, वडील कामावरून आले की अर्धे संवाद तेच म्हणतात, असे ती सांगत होती. मी तिला हसले नाही. हसले असते तर निदान तिने भांडण तरी केले असते. मी शांतपणे म्हणाले, “विषय चांगला आहे गं, पण जरा वजनदार काहीतरी घे.” ती “बरं मॅडम” म्हणाली, तिने एक ग्रामीण कादंबरी घेतली, ऐंशी पानांचा निर्जीव प्रबंध लिहिला, आणि मी त्याला चांगले गुण दिले. माथाडी कामगाराच्या मुलीला मी वजनाचे महत्त्व सांगत होते, हे माझ्या लक्षात यायला बराच काळ जावा लागला.

आता मूळ मुद्द्याकडे वळते. सचिन यांची कारकीर्द ‘लाडका ते मान्यवर’ या गोष्टीत बसते का, हे तपशिलाने पाहू.

बालकलाकार म्हणून त्यांनी हृषिकेश मुखर्जी यांच्या ‘मझली दीदी’मध्ये (१९६७) काम केले, मूळ कथा शरच्चंद्रांची, सोबत मीनाकुमारी. वयाच्या अठराव्या वर्षी राजश्रीच्या ‘गीत गाता चल’मध्ये (१९७५) ते नायक झाले. त्याच वर्षी ‘शोले’तला इमामसाहेबांचा मुलगा अहमद आला. नंतर तरुण मजुमदार यांचा ‘बालिका वधू’ (१९७६), ‘अंखियों के झरोखों से’ (१९७८) आणि ‘नदिया के पार’ (१९८२). हा काळ अमिताभ बच्चन यांच्या संतप्त तरुणाचा. त्या गदारोळात शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींना आपल्या वयाचा, आपल्यासारखाच लाजणारा आणि गाणारा एक नायक मिळाला. १९८२ मध्येच त्यांनी ‘मायबाप’पासून मराठीत दिग्दर्शन सुरू केले. पुढे ‘नवरी मिळे नवऱ्याला’ (१९८४), ‘गंमत जंमत’ (१९८७), ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आले. नव्वदच्या दशकात दूरचित्रवाणीवर ‘तू तू मैं मैं’चे दिग्दर्शन, २००४ मध्ये ‘नवरा माझा नवसाचा’, २०१५ मध्ये ‘कट्यार’ आणि २०१९ पासून नागेश कुकुनूर यांच्या ‘सिटी ऑफ ड्रीम्स’ या वेबमालिकेतला राजकारणी.

या यादीत ‘अखेर’ कुठे बसवायचे? आपण ते २०१५ वर बसवतो, कारण ‘कट्यार’ हे आपले आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे १९६७ चे नाटक, जितेंद्र अभिषेकींचे संगीत, वसंतराव देशपांडे यांचा खाँसाहेब : हा सारा ऐवज अभिजनांच्या देवघरातला. त्या देवघरात ज्याला प्रवेश मिळाला तो मान्यवर. बाहेरच्या ओसरीवर पन्नास वर्षे जे केले ते पोरखेळ. खाँसाहेबांची भूमिका उत्तम झाली याविषयी माझे दुमत नाही. ती उत्तम का झाली, हा प्रश्न मात्र आपण नीट विचारलेला नाही.

रंगभूमीवर वसंतराव स्वतः गात होते. गळा आणि देह एकाच माणसाचा. चित्रपटात तसे नव्हते. पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन होते. ते मुळात गायक, अभिनय त्यांना नवा. सदाशिव झालेले सुबोध भावे यांच्यासाठी महेश काळे गायले, तर सचिन यांच्या खाँसाहेबांसाठी वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे. म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यातून निघालेली, दमदार, आक्रमक, तानांनी भरलेली गायकी सचिन यांना आपल्या छातीतून, मानेच्या शिरांतून आणि हाताच्या फेकीतून निघते आहे असे दाखवायचे होते. तानेच्या आधीचा श्वास कुठे घ्यायचा, समेवर येताना डोळे कुठे जातील, प्रतिस्पर्ध्याकडे पाहत गाणारा माणूस सूर लावतानाच कसा डिवचतो, हे सारे त्यात येते. ही अभिनयाची एक स्वतंत्र विद्या आहे. वास्तववादी अभिनयाच्या कोणत्याही शाळेत ती शिकवली जात नाही. ती फक्त एकाच ठिकाणी शिकता येते, आणि ते ठिकाण म्हणजे भारतीय लोकप्रिय चित्रपटातले गाणे.

‘गीत गाता चल’चा नायक हा भटका, गाणारा पोरगा आहे. संगीत रवींद्र जैन यांचे, आवाज जसपाल सिंग यांचा. अठरा वर्षांचा मुलगा परक्या गळ्याला आपला देह देण्याचा रियाज तिथे करत होता. पुढे ‘नदिया के पार’पर्यंत हा रियाज चालला. चाळीस वर्षांनी तोच रियाज खाँसाहेबांच्या कामी आला. उर्दूचेही तेच. लहानपणी मीनाकुमारी यांनी आपल्याला उर्दू शिकवली असे सचिन यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. त्या आठवणीची समाजमाध्यमांवर पुष्कळ टर उडवली गेली. पण खाँसाहेबांच्या तोंडी ती भाषा खटकत नाही, हे टर उडवणाऱ्यांनाही मान्य करावे लागेल. म्हणजे २०१५ मध्ये आपण ज्या कौशल्याला टाळ्या दिल्या, ते १९७५ मध्ये आपण ज्याला ‘पोरांचा सिनेमा’ म्हणत होतो तिथेच कमावलेले होते. फळ गोड म्हणायचे आणि झाडाला नावे ठेवायची, हा कुठला न्याय?

दुसरा मुद्दा साहित्याच्या अभ्यासकांनी अधिक मनावर घ्यावा असा आहे. ‘बालिका वधू’ हा बिमल कर यांच्या बंगाली कथेवरचा चित्रपट. तरुण मजुमदार यांनी तो आधी बंगालीत केला होता. ‘नदिया के पार’ केशवप्रसाद मिश्र यांच्या ‘कोहबर की शर्त’ या हिंदी कादंबरीवर आधारलेला. साहित्यकृतींची माध्यमांतरे हा आपल्या अभ्यासक्रमातला आवडता घटक आहे. त्या घटकात आपण ठरावीक चार-पाच चित्रपट शिकवतो. हे दोन मात्र माझ्या पाहण्यातल्या एकाही टिपणवहीत नाहीत. कारण त्यांचा नायक ‘लाडका’ होता. लाडक्या नायकाच्या मागे साहित्य असू शकते, ही शक्यताच आपण जमेस धरत नाही.

‘नदिया के पार’चे चित्रीकरण उत्तर प्रदेशच्या जौनपूर भागात झाले आणि त्याची भाषा तिथल्या बोलीच्या वळणाची आहे. मुंबईत वाढलेल्या एका मराठी मुलाने साकारलेला चंदन त्या मुलखाने आपला मानला. तुर्भे नाक्यावर, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला, मालाच्या गाड्यांवर काम करणारी कितीतरी माणसे त्याच पूर्वांचलातली आहेत. आमच्या इमारतीखालच्या पानाच्या टपरीवाल्याला मी एकदा सहज विचारले, तर ‘सचिन पिळगांवकर’ हे नाव त्याला चटकन ओळखू आले नाही. ‘चंदन’ म्हटल्याबरोबर मात्र त्याचा चेहरा उजळला, आणि तो माणूस मराठी आहे हे ऐकून त्याला खरेच वाटेना. एखाद्या नटाने परक्या मुलखातल्या माणसांना आपण त्यांच्यातलेच वाटावे, याला अभिनय म्हणतात अशी माझी समजूत होती. त्या टपरीवाल्याने दिलेला मान आपल्या हिशेबात धरला जात नाही. ‘मान्यवर’ या शब्दात मान देणारा कोण, हे आधीच ठरलेले असते.

तिसरा मुद्दा ‘बनवाबनवी’चा. ‘बीवी और मकान’ (१९६६) हा हृषिकेश मुखर्जी यांचा चित्रपट या कथेमागे आहे. ज्या हृषीदांच्या चित्रपटात पोरवयात काम केले, त्यांचीच कल्पना वीस वर्षांनी उचलून तिला पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत आणि मराठी विनोदाच्या परंपरेत रुजवणे, हे काम वाटते तितके सोपे नाही. त्यात सचिन यांनी दिग्दर्शनाबरोबर सुधीरची, म्हणजेच ‘सुधा’ची भूमिकाही केली. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या पार्वतीत पुरुष सतत डोकावत राहतो. त्या डोकावण्यातच तिचा विनोद आहे. सुधा त्याच्या उलट आहे. ती मान खाली घालून, पदर सावरत, जवळजवळ गंभीरपणे वावरते, आणि प्रेक्षक क्षणभर फसतो. एकाच घरात स्त्रीवेषाच्या या दोन रीती समोरासमोर ठेवल्यामुळे चित्रपटाचा तोल राहतो. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर आपण तास घेतो आणि घ्यायलाच हवेत. तिथे भ्रम निर्माण करायचा होता, इथे भ्रम उघडा पडण्याची टांगती तलवार आहे. फरक मोठा आहे. पण मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांत स्त्रीवेषाची जी जुनी ओळख मुरलेली आहे तिच्याशी १९८८ चा एक चित्रपट काय करतो, हा प्रश्न माझ्या त्या विद्यार्थिनीच्या हाताशी आला होता. मी तो तिच्या हातून काढून घेतला.

आता विरुद्ध बाजू. ती पोकळ नाही, म्हणून तिला बगल देणार नाही.

पहिला आक्षेप : लोकप्रियता ही गुणवत्तेची खूण नव्हे. मान्य. पण मग लोकप्रियता ही गुणहीनतेचीही खूण नव्हे, हे मान्य करा. माझी मागणी एवढीच आहे की काम पाहून बोला. ‘अंखियों के झरोखों से’ भाबडा आहे असे तुम्ही चित्रपट पाहून म्हणालात, तर मी वाद घालेन किंवा कदाचित सहमतही होईन. न पाहता, केवळ त्याचे चाहते सतरा वर्षांचे होते म्हणून तो भाबडा ठरवलात, तर तो वाङ्मयीन निर्णय राहत नाही; वयाचा आणि वर्गाचा तुच्छतावाद होतो.

दुसरा आक्षेप : नंतरच्या काळात सचिन यांनी स्वतःचीच पुनरावृत्ती केली. हेही बऱ्याच अंशी खरे आहे. ‘बनवाबनवी’ची घट्ट बांधणी त्यांच्या नंतरच्या अनेक विनोदी चित्रपटांत दिसत नाही, आणि यशस्वी साच्याचा मोह त्यांना टाळता आलेला नाही. पण हे बोलायचे तर एकेका चित्रपटाविषयी बोलावे लागेल. ‘आधी थिल्लर, नंतर गंभीर’ या गोष्टीत पुनरावृत्तीचा हा प्रश्नही हरवतो. उलट त्यांच्या कारकिर्दीचा आलेख असा सरळ चढत जात नाही. चांगले आणि सामान्य काम त्यात शेवटपर्यंत मिसळलेले आहे. बहुतेक कलावंतांचे, आणि बहुतेक लेखकांचेही, तसेच असते.

तिसरा आक्षेप उघडपणे क्वचितच मांडला जातो, पण मनात असतो : हा माणूस स्वतःविषयी फार बोलतो. नृत्याच्या ‘एकापेक्षा एक’ या कार्यक्रमात मिळालेली ‘महागुरू’ ही उपाधी आता थट्टेचा विषय झाली आहे. आत्मगौरव मलाही रुचत नाही. तरीही ‘लेखक मेला, संहिता उरली’ असे वर्गात उच्चरवाने सांगणाऱ्या आपल्यासारख्यांनी नटाच्या बाबतीत मात्र मुलाखती पाहून भूमिकेला गुण द्यावेत, हे विनोदी आहे. मराठी साहित्यात आत्मगौरवाचे दुर्भिक्ष आहे, असा दावा तर कुणी करणार नाही.

या गोष्टीची खरी परीक्षा अभिनेत्रींच्या बाबतीत होते, आणि तिथे ती पुरती नापास होते. ऊर्मिला मातोंडकर यांचे उदाहरण घ्या. डॉ. श्रीराम लागू दिग्दर्शित ‘झाकोळ’ (१९८०) आणि शेखर कपूर यांचा ‘मासूम’ (१९८३) यांत त्या लहानपणी होत्या. १९९५ च्या ‘रंगीला’ने त्या एका पिढीच्या भिंतीवरचे चित्र झाल्या. मग ‘सत्या’, ‘कौन’, ‘भूत’, ‘पिंजर’, ‘एक हसीना थी’, ‘मैंने गांधी को नहीं मारा’ ही दहाच वर्षांतली विलक्षण रांग. त्यात ‘भूत’साठी फिल्मफेअरचा समीक्षकांचा पुरस्कार. इथेही ‘अखेर’ आलाच, पण सोबत आणखी एक शेपूट घेऊन : दिग्दर्शकाने तिच्यातून अभिनय काढून घेतला. पुरुष स्वतःला सिद्ध करतो, बाईकडून काढून घेतले जाते! ‘रंगीला’तली मिली ही महत्त्वाकांक्षी मुलगी आहे, तिचे नाचणे, घरातले वागणे आणि मित्राशी भांडणे या तिन्हींतला फरक त्या किती सहज दाखवतात, हे पुन्हा पाहण्यासारखे आहे. पण तोकडे कपडे आणि अभिनय एकाच चौकटीत असू शकतात, हे कबूल करायला आपण तयार नसतो. बाईने सौंदर्य उतरवून ठेवले की मगच तिची नोंद घ्यायची, हा प्रायश्चित्ताचाच एक प्रकार आहे.

रिंकू राजगुरूच्या बाबतीत तर पायऱ्यांचा क्रमच उलटा झाला. ६३ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘सैराट’मधल्या आर्चीची विशेष दखल घेतली गेली, ती चित्रपट प्रदर्शित होण्याआधी, ‘कट्यार’च्या गाण्यासाठी महेश काळे यांना पार्श्वगायनाचा पुरस्कार मिळाला, तोही याच वर्षीच्या पुरस्कारांत. चित्रपट लोकांसमोर आला २९ एप्रिल २०१६ रोजी, आणि मग अकलूजच्या या शाळकरी मुलीला पाहायला महाराष्ट्रात झुंबड उडाली. म्हणजे सन्मान आधी, लाडकेपण नंतर. या क्रमाने आपली गोष्ट मोडायला हवी होती. प्रत्यक्षात काय झाले? झुंबड उडाल्याबरोबर सन्मान विसरला गेला आणि ‘आता तिने स्वतःला सिद्ध करायला हवे’ असे आपण म्हणू लागलो. आणि त्याच्या कितीतरी आधी, ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ केलेल्या स्मिता पाटील यांनी १९८२ मध्ये ‘नमक हलाल’ केला, तेव्हा त्यांच्याकडे जाब मागितला गेला होता. वरून खाली आले तरी दोष, खालून वर गेले तरी ‘अखेर’. मग ही शिडी कलावंताचा प्रवास समजून घेण्यासाठी आहे की आपल्या आसनाची उंची राखण्यासाठी?

हाच न्याय आपण आपल्या घरात कसा लावतो तेही पाहू. ‘हा माझा मार्ग एकला’ आला त्याच १९६३ मध्ये ‘कोसला’ प्रसिद्ध झाली. लेखक पंचवीस वर्षांचा, नायक कॉलेजातला. पुढच्या कित्येक पिढ्यांतल्या मुलांनी पांडुरंग सांगवीकरासारखे बोलून, लिहून, वसतिगृहात खोलीभर सिगारेटी ओढून पाहिले. लाडका नायक याहून वेगळा काय असतो? ज्या २०१५ मध्ये खाँसाहेब पडद्यावर आले, त्याच वर्षाच्या आरंभी भालचंद्र नेमाडे यांना ज्ञानपीठ जाहीर झाले. तेव्हा कुणी म्हणाले का, की कॉलेजच्या पोरांच्या कादंबरीपासून सुरुवात करून नेमाड्यांनी अखेर स्वतःला सिद्ध केले? नाही म्हणाले, आणि तेच योग्य होते. ‘कोसला’चे तारुण्य हे तिचे सामर्थ्य आहे, हे आपल्याला समजते.

आणि दुसऱ्या बाजूला सुहास शिरवळकर. ‘दुनियादारी’ तशीच कॉलेजच्या पोरांची कादंबरी. पुस्तकांच्या दुकानांत आणि फिरत्या वाचनालयांत तिच्या प्रती झिजल्या, २०१३ मध्ये तिच्यावर चित्रपट आला, आणि त्यानंतर आमच्या वर्गातल्या ज्या मुलांनी आयुष्यात कादंबरी उघडली नव्हती त्यांनी ती उघडली. ती ‘कोसला’च्या तोडीची आहे असे मी म्हणत नाही, तशी ती नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पण हे मत मी दोन्ही वाचून बनवले आहे. ‘लोकप्रिय साहित्य’ नावाच्या घटकात अर्ध्या वाक्यात तिची बोळवण करणाऱ्या किती प्राध्यापकांनी ती वाचली आहे, हे आपण एकमेकांना न विचारलेलेच बरे.

यात पणाला काय लागले आहे? नटाचे काही नाही. त्याला प्रेक्षक आहेत. पणाला लागला आहे तो आपल्या वर्गातला मुलगा किंवा मुलगी. ती येते तेव्हा रिकामी नसते. काय पाहून हसलो, कुणाचे चित्र वहीत ठेवले, कोणते संवाद घरात म्हटले गेले, हे सारे घेऊन येते. तिचा पहिला वाङ्मयीन अनुभव तोच असतो. तो दाराबाहेर काढून ठेवायला सांगणे ही मराठी विभागाची पहिली शिकवण झाली आहे. परिणामी ती दोन भाषा शिकते : एक खरी, घरातली, आनंदाची, दुसरी परीक्षेची. दुसऱ्या भाषेत ती जे लिहिते त्यात तिचे स्वतःचे काहीच नसते. आणि मग विद्यार्थी स्वतंत्र विचार करत नाहीत, अशी तक्रार आपणच शिक्षककक्षात बसून करतो.

‘कट्यार’च्या कथेत राजगायकाला पदासोबत एक कट्यार मिळते आणि तिने केलेला एक खून माफ असतो. वर्षानुवर्षे पंडितजींकडून हरलेल्या खाँसाहेबांना ती कट्यार हवी असते. चित्रपटात ती मिळते. पण आपला विजय कपटाचा होता हे पुढे कळल्यावर त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा मान कसा गळून पडतो, ते सचिन यांनी फार संयमाने दाखवले आहे. दरबाराने दिलेला मान आणि स्वतःच्या कलेचा मान यांत अंतर पडले की काय होते, याचीच ती कथा आहे. ती पाहून आलेल्या आपण दरबाऱ्यांनी तत्काळ ‘अखेर मान मिळाला’ म्हणावे, यावरून आपण चित्रपट किती पाहिला हे कळते.

मागच्या वर्षी तुर्भे स्टेशनवर ती विद्यार्थिनी भेटली. आता ती एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. मी तिला म्हणाले, “तुझा तो सबनीसांचा विषय अजून कुणी केलेला माझ्या पाहण्यात नाही. तू आता कर. टिपणं आहेत ना?” ती हसली. म्हणाली, “मॅडम, ती वही कधीच रद्दीत गेली. आणि आता कुठला वेळ?” गाडी आली, ती ठाण्याकडे गेली.

या वर्षापासून प्रकल्पाच्या विषयांची छापील यादी देणे मी बंद केले आहे. मुले जे घेऊन येतील त्यावर त्यांना तीन प्रश्न विचारते : यात नेमके काय केले आहे, ते कुठून आले, आणि ते कुठे फसले आहे. वजनाचा प्रश्न विचारत नाही. तुम्हीही विचारू नका, एवढीच विनंती. कट्यार बाळगणाऱ्याला खून एकच माफ असतो, आणि माझा करून झालेला आहे.